चार नंबरचा बाण

अमेरिकेत श्रूजबरीच्या त्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघर बाबांचं होतं. आई सकाळी सातला गाडी काढून वूस्टरच्या ऑफिसला निघायची. तिच्या व्हिसावर आम्ही दोघं आलो होतो आणि त्या व्हिसावर बाबांना नोकरी करायला मनाई होती. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका टूलरूममध्ये वीस वर्षं फोरमन असलेला माणूस उठून कणीक मळायला लागला, पण मळायचा तीसुद्धा फोरमनसारखीच. भेंडी चिरली तर प्रत्येक तुकडा सारख्या लांबीचा. ड्रॉवरमधले चमचे सगळे एका दिशेला तोंड करून. फडताळातल्या बाटल्यांची लेबलं झाडून समोर. कुणी मिठाची बाटली वापरून जरा वाकडी ठेवली की पाच मिनिटांत ती आपोआप सरळ झालेली असायची. आई म्हणायची, "अहो, घर आहे हे. उद्या इन्स्पेक्शन नाहीये." बाबा हसायचे आणि डबा पुन्हा दोन बोटं सरकवायचे. येताना सामानात त्यांनी स्वेटर कमी आणि अवजारं जास्त आणली होती. वर्नियर कॅलिपर तर पापडांच्या थप्पीत गुंडाळून आणलेलं, म्हणून त्याच्या डबीला पुढे कित्येक महिने हिंगाचा वास येत होता.

मी दहावीत होते. म्हणजे तिकडच्या हिशेबाने हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला. वर्गात तोंड उघडलं की माझ्या उच्चारांवर कुणीतरी हळूच हसायचं, त्यामुळे मी तोंड उघडणं जवळजवळ बंद केलं होतं. पी.टी.च्या तासाला तीन आठवडे तिरंदाजी होती, आणि तिथे बोलावं लागत नव्हतं. पहिल्याच दिवशी माझे दोन बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात लागले. सरांनी मला गावाबाहेरच्या एका क्लबचा पत्ता दिला. तिथल्या एका बाईंनी फ्लोरिडाला जाताना आपलं जुनं शिकारीचं धनुष्य, सहा बाणांसकट, माझ्या गळ्यात घातलं. लाकडी कमान नव्हे हं, कंपाउंड. दोन्ही टोकांना चाकं, त्यांवरून फिरणाऱ्या दोऱ्या, मध्ये बाण टेकवायला दोन दात्यांचा रेस्ट. ओढताना पहिल्यांदा जीव जातो आणि पूर्ण ओढलं की चाकं फिरून वजन अचानक हलकं होतं. बाबांनी ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा अर्धा तास नुसती चाकं निरखत बसले. नंतर म्हणाले, "काय मशिन केलंय बघ गं." अमेरिकेत आल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

आईला हे शिकारीचं प्रकरण पसंत नव्हतं. "पोरगी इथे येऊन हरणं मारणार, हे मी माझ्या आईला फोनवर काय सांगू?" असं ती दर रविवारी मटणाचा रस्सा वाढता वाढता विचारायची. त्यावर बाबा फक्त तिच्या वाटीकडे बघायचे. शेवटी तिने एक अट घातली. क्लबची परीक्षा पास झाले तर जंगलात जायचं, नाहीतर धनुष्य क्लबला परत. क्लबच्या मालकीचं थोडं जंगल होतं, आणि तिथे शिकारीला जायचं तर आधी वीस यार्डांवरून, खऱ्या पात्याचं टोक लावून, तीन बाण एका कागदी प्लेटमध्ये बसवून दाखवावे लागत. जेवणाची प्लेट, तेवढी मोठी. ज्याला तेवढं जमत नाही त्याने जनावर जखमी करून सोडू नये, असा त्यामागचा विचार. मोसमात दोनच संधी मिळायच्या. मला पास व्हायचंच होतं. त्या गावात मला नीट करता येणारी तेवढी एकच गोष्ट होती.

सप्टेंबरभर मी पात्यांचे बाण मारले आणि ते सरळ गेले. परीक्षा खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी आली. आमच्याकडे खंडेनवमीला बाबांच्या अवजारांची पूजा व्हायची. कोल्हापुरात टूलरूममध्ये मोठी असायची, लेथला हार, ड्रिलला हार, सगळ्यांना पेढे. श्रूजबरीत पाटावर एक वर्नियर, एक पाना, आईचा ऑफिसचा लॅपटॉप आणि त्या वर्षी माझं धनुष्य. झेंडू इंडियन ग्रोसरीतून आणलेला, अर्धा मलूल. मी शाळेतून आले तेव्हा बाबांनी सहाही बाण पुसून, नंबर टाकून, पाटावर ओळीने मांडले होते. दुपारभर तेच करत बसले होते म्हणे. आईने ऑफिसातून आल्यावर हळदकुंकू वाहिलं आणि लॅपटॉपला जरा जास्तच वाहिलं, कारण सोमवारी तिच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. रात्री पुऱ्या आणि श्रीखंड. मी चार पुऱ्यांवर थांबले. हात जड व्हायला नको म्हणून.

सकाळी बाबांनी मला क्लबवर सोडलं आणि नेहमीसारखे गाडीतच बसले. आपल्या इंग्रजीची त्यांना लाज वाटायची, म्हणून आत यायचे नाहीत. परीक्षा घेणारा वॉल्ट हा निवृत्त प्लंबर होता, हात परातीएवढे, बोलणं मोजकं. आजूबाजूला कॉफीचे कप घेतलेली सात-आठ माणसं. माझा पहिला बाण सुटला आणि मला कळलं की काहीतरी बिघडलंय. बाणाने हवेत शेपूट हलवलं, अगदी उघड दिसेल असं, आणि प्लेटच्या वरच्या डाव्या कडेला लागला. दुसरा प्लेटच्या बाहेर. तिसरा लाकडी चौकटीत, खाडकन. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वॉल्ट जवळ येऊन माझ्या डाव्या हाताकडे बघत म्हणाला, "इट्स युवर हँड, किड. यू आर चोकिंग द ग्रिप." मूठ आवळली की धनुष्य पिरगळतं आणि बाण वाकडा जातो, हे तो चांगल्या मनाने सांगत होता. बाकीच्यांनी माना हलवल्या. दोन आठवड्यांनी पुन्हा ये, म्हणाला. गाडीत मी बाबांना एवढंच सांगितलं, "फेल. माझा हात खराब आहे."

पुढचे चार दिवस मी हात सुधारत होते. मूठ सैल केली, मनगट वळवलं, आरशासमोर उभी राहून खांदे तपासले. बुधवारी शाळेनंतर क्लबवर गेले तर बाण आणखी वाईट. घरी येऊन धनुष्य कोचावर टाकलं आणि आईला म्हटलं, "परत देऊन टाक. आय ॲम डन." बाबा कुकर बंद करून बाहेर आले.

"बाण कसा जातो?"

"वाकडा."

"वाकडा म्हणजे कसा? डावीकडे किती, वर किती? दरवेळी तिकडेच जातो का?"

"मला नाही माहीत, बाबा! माझा हात खराब आहे, इट्स दॅट सिंपल."

"कुणी सांगितलं?"

"वॉल्टने."

"त्याने मोजलं का?"

मोजलं नव्हतं. कुणीच मोजलं नव्हतं. बाबांनी एक वही काढली आणि मला सांगितलं की उद्या क्लबवर जाऊन प्रत्येक बाण पाच वेळा मार, दरवेळी नेम मध्यावरच धर, आणि कुठे लागला ते नंबरासकट लिहून आण. काही सुधारायचं नाही, काही बदलायचं नाही. "मशिनवरचा जॉब रिजेक्ट झाला की आधी त्याला हात लावायचा नसतो. नुसतं बघायचं." मी चिडतच गेले. पण लिहायला लागले आणि एक गंमत दिसली. बाण वाटेल तसे जात नव्हते. प्रत्येकाची एक आवडती चूक होती. पहिला थोडा वर, सहावा उगीच डावीकडे, आणि चार नंबरचा पाचही वेळा जवळजवळ एकाच जागी, प्लेटच्या मध्यापासून एक वीत डावीकडे, चार बोटं वर. वही बघून बाबांचा चेहरा खुलला. "हात खराब असता तर हा बाण इतका इमानदार नसता," ते म्हणाले.

रविवारी दुपारी आम्ही तळघरात उतरलो. तिथे वॉशिंग मशिन, बॉयलर, आईच्या लोणच्याच्या बरण्या आणि बाण अडवायला जाड फोमचा ठोकळा. बाबांनी एका चौकटीवर ग्रोसरीतून फुकट मिळणारं इंडियन वर्तमानपत्र ताणून लावलं. जवळून बाण मारला की कागद कसा फाटतो त्यावरून बाण कसा गेला ते कळतं. सरळ गेला तर गोल भोक आणि पिसांचे तीन काप, तिरका गेला तर लांब चीर. साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत आमची लांब चीर पडली. बाबांनी रेस्ट केसभर डावीकडे घेतला. चीर तशीच. केसभर उजवीकडे. चीर तशीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि उपयोग झाला नाही तर होती तिथे परत आणून ठेवायची, मगच पुढची. मी कंटाळून म्हणायची, दोन-तीन एकदम करूया ना, तर ते मानच हलवायचे. मग त्यांनी मला मूठ पूर्ण उघडी ठेवून, बोटं पसरून मारायला लावलं. धनुष्य मनगटाच्या पट्ट्यावर लोंबलं, पण चीर तीच. "झालं," बाबा म्हणाले आणि वहीत हाताच्या नावावर काट मारली. मला एकदम रडू आलं. आठवडाभर मी ज्याला दोष देत होते तो हात वहीत निर्दोष सुटला होता.

मग त्यांनी जे केलं ते क्लबातल्या कुणी का सुचवलं नाही, मला अजून कळत नाही. एका बाणाची पिसं ब्लेडने खरवडून काढली. प्लॅस्टिकची असतात ती, तीन, एक पांढरं, दोन हिरवी. "मार." मी मारला. साडी नेसलेल्या बाईच्या खांद्यावर एक गोल, स्वच्छ भोक. बिनपिसांचा बाण सरळ, पिसांचा वाकडा. म्हणजे दोष ना हातात, ना धनुष्यात. पिसं जाता जाता कशाला तरी अडत होती. बाबा वर गेले आणि आईच्या देवघरातला कुंकवाचा करंडा घेऊन आले, मागोमाग आई. "अहो, अंबाबाईचं कुंकू आहे ते!" "तिच्याच कामाला लागतंय," म्हणत त्यांनी चिमूटभर कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि बोटाने पिसांच्या कडांना पातळ लावलं. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग कुठे टेकतात ते बघायला निळी शाई लावतात, तसं. मी बाण सोडला. आम्ही तिघं एकदम रेस्टवर वाकलो. उजव्या दात्याच्या आतल्या बाजूला एक बारीक लाल रेघ होती.

आईने टाळी वाजवली. मी नाचले. बाबा मात्र त्या रेघेकडे बघतच राहिले. मग त्यांनी चार नंबरचा बाण उचलला, शेपटाकडची खाच, जी दोरीत बसते ती, डोळ्यांसमोर धरून फिरवून पाहिली, आणि बरण्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. "या खाचा मीच फिरवल्या," ते म्हणाले. खंडेनवमीला बाण पुसताना त्यांना दिसलं होतं की सहाही खाचा किंचित तिरक्या बसल्यात, पांढऱ्या पिसाच्या रेषेत नाहीत. कुणा आळशी माणसाचं काम, असं वाटून त्यांनी त्या एकेक करून सरळ केल्या होत्या, चिमटा लावून, मोठ्या प्रेमाने. त्या फ्लोरिडाच्या बाईंनी त्या मुद्दाम तिरक्या लावल्या होत्या, पिसं दात्यांना न शिवता निघून जावीत म्हणून. साधं टोक असतं तर ही चूक खपूनही गेली असती. पात्याच्या टोकाला हवा धरते, ते अशी चूक पोटात घालत नाही.

आईने बराच वेळ हसू दाबलं आणि मग तिला राहवलं नाही. "खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात हो. दुरुस्ती नाही करत." मीही हसले. बाबा हसले नाहीत. कान लाल झाले होते. मला आज वाटतं, आम्ही तेव्हा दोन मिनिटं गप्प बसायला हवं होतं. त्या देशात त्यांच्याकडे उरलेली एकच गोष्ट होती ती त्यांच्या हातातली अचूकता, आणि तिनेच घात केला होता. पण आई तशी नव्हती आणि मीही तिचीच मुलगी. थोड्या वेळाने बाबा उठले आणि खाचा पुन्हा तिरक्या करायला लागले. प्रत्येक बाण कुंकू लावून मारायचा, दाता कोरा राहीपर्यंत खाच फिरवायची. पिसं खरवडलेला एक गेलाच होता, चार बाण बरे झाले. उरलेला एक, चार नंबरचा, त्यांनी तसाच ठेवला. त्याच्या दांड्याला आईच्या पूजेतला लाल धागा बांधला. रिजेक्ट झालेला एक नग नमुना म्हणून ठेवायचा असतो, म्हणाले.

मी म्हटलं, "वॉल्टला काही सांगायला नको, बाबा. मी नुसती जाऊन पास होईन."

"तो सगळ्यांसमोर तुझा हात खराब म्हणाला ना? मग सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे."

"तुम्ही सांगणार? इंग्रजीत?"

"टूलरूममध्ये रिजेक्शनच्या कागदावर ज्याची चूक त्याची सही असते. भाषा कुठलीही असू दे."

त्या शनिवारी बाबा पहिल्यांदा गाडीतून उतरले. इस्त्रीचा शर्ट, वर आईने दिलेलं जाड जाकीट. वॉल्टसमोर उभे राहून त्यांनी लाल धाग्याचा बाण पुढे केला आणि आठवडाभर पाठ केलेली वाक्यं बोलले. "सर, हर हँड गुड. आय टर्न दिस. माय मिस्टेक." आणि बोटाने खाच दाखवली. कॉफीचे कप थांबले. वॉल्टने बाण घेतला, डोळ्याजवळ नेला, परत दिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. मुलीला वाचवायला आलेला बाप, असं त्याला वाटत होतं. बाबांनीही ते ओळखलं असावं. त्यांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली, रेंजवर कुणी नाही हे वॉल्टला विचारून वीस यार्ड चालत गेले, आणि प्लेटच्या मध्यापासून एक वीत डावीकडे, चार बोटं वर, फोमवर अंगठ्याने एक लाल टिंब लावलं. परत येऊन म्हणाले, "शी एम प्लेट. दिस ॲरो गो देअर." म्हणजे नेम प्लेटवर, पण बाण जाणार टिंबावर.

हे ठरलेलं नव्हतं. चार नंबरचा बाण बाबांनी माझ्या हातात दिला आणि मराठीत हळूच म्हणाले, "मध्यावर धर. मला मदत करू नकोस." इतका कठीण बाण मी त्याआधी मारला नव्हता आणि नंतरही नाही. मनातून वाटत होतं जरा डावीकडे धरावं, बाबांची लाज राखावी. आणि भीतीही होती, की बरोबर धरलं आणि तो नेमका प्लेटमध्ये बसला तर? तर बाबा खोटे. मी मूठ उघडी ठेवली, धनुष्यावरची नेमाची पिन प्लेटच्या मध्यावर आणली, श्वास सोडला. बाण शेपूट हलवत गेला, सगळ्यांना दिसेल असा, आणि लाल टिंबाच्या बोटभर खाली रुतला.

कुणीतरी शीळ घातली. वॉल्ट स्वतः चालत गेला, टिंब आणि बाण यांच्यामध्ये आपलं जाडजूड बोट ठेवून पाहिलं, आणि परत येताना सरळ माझ्याकडे आला. कॉफीवाल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नथिंग राँग विथ दॅट हँड. आय वॉज राँग." मग बाबांशी हात मिळवला. त्या परातीएवढ्या पंज्यात बाबांचा हात दिसेनासा झाला. त्यानंतर मी परीक्षेचे तीन बाण मारले. तिन्ही प्लेटमध्ये. खरं सांगते, ते मला नीट आठवतही नाहीत. (त्या वर्षी मी नऊ वेळा जंगलात बसले आणि एकही हरीण दिसलं नाही. आईने फ्रीजरमध्ये जागा करून ठेवली होती, ती शेवटी मटारांनी भरली.)

घरी पोचलो तर आई दारातच. "काय झालं? लागले तिन्ही?"

"तिन्ही," मी म्हटलं.

"चौथापण लागला," बाबा बूट काढत म्हणाले.

"चौथा कुठला? तीनच मारायचे होते ना?"

बाबांनी बूट जोडीने भिंतीला लावले, सरळ उभे राहिले आणि आईला म्हणाले, माझ्याकडे न बघता, "तीन कुणाचेही लागतात गं. वाकडा बाण सांगितलेल्या जागी न्यायचा, म्हणजे सोडणारा हात तसूभर हलून चालत नाही. असा हात मी वीस वर्षांत दोघा-तिघांचा पाहिला." आणि स्वयंपाकघरात गेले.

मी तिथेच उभी होते. आत कांदा चिरल्याचा आवाज यायला लागला. बाबांनी माझं तोंडभरून कौतुक कधीच केलं नाही, त्यांचा तो स्वभाव नव्हता आणि अजूनही नाही. आता हे प्रकरण त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, टिंबाच्या बोटभर नव्हे, दीड बोट खाली लागला होता. पण त्या दारात उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं की या गावात मी बोलले तरी चालेल. सोमवारी इतिहासाच्या तासाला मी हात वर केला.